पहारेकऱ्यांची व्यवसायभाषा : काही शब्द व त्यांचा रोख

एखाद्या व्यवसायाची बोली तपासताना अभ्यासकाचे लक्ष प्रथम त्या व्यवसायाच्या हत्यारांकडे जाते. सुताराची पटाशी, लोहाराचा भाता, कोष्ट्याचा धोटा ही नावे गोळा केली की त्या त्या धंद्याचे निम्मे चित्र हाती येते. पहारेकऱ्याच्या बाबतीत ही वाट फार दूर नेत नाही. काठी, शिट्टी, विजेरी आणि एक नोंदवही एवढाच त्याचा सरंजाम. त्याचे खरे साधन भाषा हे होय. येणाऱ्यास हटकणे, जाणाऱ्यास विचारणे, निजलेल्यांना आपण जागे असल्याची खूण देणे आणि वरिष्ठास वर्दी देणे ही सारी कामे तो शब्दांनी पार पाडतो. म्हणून त्याचे शब्द पारखताना वस्तूंच्या नावांपेक्षा, हा शब्द कोणाला उद्देशून उच्चारला जातो, हा प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरते. महाराष्ट्रातील पहाऱ्याच्या शब्दांची छाननी प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या अनुरोधाने करण्याचे योजिले आहे. गेल्या दोन शतकांत या शब्दांचा रोख पालटत गेला, असे आमचे मत आहे. पूर्वी तो परक्याकडे आणि गावाकडे होता. आज तो मुख्यतः वरिष्ठाकडे आहे.

प्रारंभ ‘पहारा’ या शब्दापासूनच करावा लागेल. तो संस्कृत ‘प्रहर’ या शब्दाचा वंशज. अहोरात्राचे आठ प्रहर, म्हणजे एक प्रहर तीन तासांचा. जागरणाच्या कामाला काळाच्या मापाचे नाव मिळाले, ही गोष्ट लक्षणीय आहे. आणि ती केवळ मराठीपुरती नाही. संस्कृतात रात्रीच्या रक्षकाला ‘यामिक’ म्हणत, व ‘याम’ म्हणजेही प्रहरच. माणसाने किती वेळ डोळे उघडे ठेवावयाचे याची मर्यादा अशी त्या कामाच्या नावातच सांगितलेली होती. आज शहरांतील खासगी पहाऱ्यात बारा तासांची पाळी सर्रास आढळते. शब्दाच्या मूळ अर्थाने पाहता एकाच माणसाकडून चार पहारे घेतले जातात, आणि बदलीचा माणूस न आल्यास आठ. या शेवटच्या प्रकाराला व्यवसायबोलीत ‘डबल’ असे सुटसुटीत नाव आहे. ‘काल डबल मारली’ असे ऐकू येते. त्यात तक्रारीचा सूर असेलच असे नाही, कारण दुसऱ्या पाळीच्या पैशावर कित्येकांचे घर चालते.

पहाऱ्यासाठी मराठीत दुसरे मोठे कुल आहे ते ‘राखण’ या शब्दाचे. हे मूळचे शेताचे आणि रानाचे. कणसे भरू लागली की माळ्यावर बसून, हाती गोफण घेऊन पाखरे राखावयाची, ती राखण. कोकणात व गोमंतकात ‘राखणदार’ म्हणजे गावाच्या सीमेचे रक्षण करणारे अदृश्य दैवतही होय. शासकीय जाहिरातींत ‘पहारेकरी’ व ‘चौकीदार’ यांच्या बरोबरीने ‘रखवालदार’ हे पदनाम दिसते ते याच कुलातले. ‘दरवान’ फारसी, आणि त्याचा अर्थ उघड आहे: दार राखणारा. वाड्याच्या किंवा गडाच्या दरवाज्याला लागून आतल्या अंगास पहारेकऱ्यांना बसण्यासाठी जे ओटे अथवा कोनाडेवजा खोल्या असत त्यांस ‘देवडी’ म्हणत. महाराष्ट्रातील गडांच्या दरवाज्यांत त्या आजही पाहावयास मिळतात. मोठ्या दारातील लहान दाराला ‘दिंडी’ म्हणतात. वाडे गेले, त्यांच्या जागी आठ मजल्यांच्या इमारती आल्या, परंतु बहुतेक फाटकांना ही दिंडी आहेच. तिचे नाव मात्र आता ‘विकेट गेट’ झाले आहे. देवडीचे ‘केबिन’ झाले. जागा म्हणून केबिन देवडीहून लहानच. तिच्यात खुर्ची मावली तर पाय पसरता येत नाहीत.

ही झाली कामाची व जागेची नावे. माणसाची नावे पाहू लागलो की भाषेबरोबर समाजरचनेचाही विचार करावा लागतो. जुन्या गावगाड्यात पहाऱ्याचे काम जातीला बांधलेले होते. वेशीची उघडझाप व राखण करणारा तो ‘वेसकर’ किंवा ‘येसकर’. हे काम महार वतनदाराकडे असे. रात्रीची गस्त अनेक ठिकाणी, विशेषतः पुणे-सातारा भागात, रामोशाकडे असे. ‘जागल्या’ हे नाव त्याच्या जागण्यावरून पडले. येथे ‘रामोशी’ या शब्दाचा प्रवास पाहण्यासारखा आहे: जातीचे नाव धंद्याचे नाव झाले आणि ‘रामोशी ठेवणे’ म्हणजे रखवालदार ठेवणे असा अर्थ रूढ झाला. पुढे हीच गोष्ट ‘गुरखा’ या शब्दाच्या बाबतीत घडली. नेपाळच्या डोंगरी मुलुखातून आलेला, रात्री काठी आपटीत व शिट्टी फुंकीत आळीतून फिरणारा आणि महिनाअखेर घरोघर पैसे मागावयास येणारा माणूस म्हणजे गुरखा. त्याच्या जमातीची चौकशी कोणी केली नाही. ‘बहादूर’ या संबोधनाची कथा याहून उद्बोधक आहे. मोगल दरबारी हा सन्मानाचा किताब होता. पुढे ईस्ट इंडिया कंपनीलाही लोक ‘कंपनी बहादूर’ म्हणत. नेपाळी पुरुषांच्या नावात हा शब्द पुष्कळदा मधला म्हणून येतो. तेवढ्यावरून पुण्यामुंबईच्या इमारतींत कोणत्याही नेपाळी पहारेकऱ्याला ‘ए बहादूर’ अशी हाक पडू लागली. अर्थापकर्षाचे याहून ठळक उदाहरण शोधण्यास लांब जावे लागणार नाही, हे खरे; पण येथे किताबाचा अपकर्ष आणि माणसाच्या नावाचा लोप अशा दोन्ही गोष्टी एकदम झाल्या आहेत.

गावगाड्यातील पहारा हा जुलमापासून मुक्त होता असे सुचविण्याचा हेतू नाही. वेसकराने पाटलाला ‘जोहार’ घालावा, वाटेल त्या वेळी सरकारी राबणुकीला हजर व्हावे आणि त्याबदली वतनाच्या तुटपुंज्या जमिनीवर व बलुत्यावर राहावे, अशी ती व्यवस्था होती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक मांडले ते याच कारणाने. आणि ही वतने पुढे १९५८ च्या मुंबई कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन अधिनियमाने संपुष्टात आली. तथापि भाषेच्या दृष्टीने त्या पहाऱ्यात एक गोष्ट होती, जी आज नाही. ती म्हणजे ‘माग’. पेशवाई बुडाल्यानंतर एल्फिन्स्टनने या प्रदेशाच्या ग्रामव्यवस्थेचे जे वर्णन केले त्यात ही रीत आली आहे. गावात चोरी झाली की पहारेकऱ्याने चोराच्या पावलांचा माग काढावयाचा. माग आपल्या शिवेबाहेर दुसऱ्या गावच्या हद्दीत गेला असे दाखवून दिले की जबाबदारी त्या गावच्या पहारेकऱ्यावर जाई. माग शिवेच्या आत विरला तर उत्तर आपणच द्यावयाचे. ‘माग लागणे’, ‘माग काढणे’, ‘मागावर असणे’ हे वाक्प्रचार आज शिष्ट मराठीत सुखाने नांदत आहेत. त्यांच्या पोटात माती वाचण्याची ही विद्या आहे. पहारेकरी जबाबदार होता, पण त्याबरोबरच त्याला एक ज्ञान होते आणि ते ज्ञान दुसऱ्या गावाच्या पंचांसमोर मांडण्याचा अधिकारही होता.

लष्करी पहाऱ्याचा थर निराळा. त्यात युरोपीय शब्द दोनदा आले आहेत, ही गोष्ट आमच्या पाहण्यात फारशी चर्चिली गेलेली नाही. ‘गारदी’ हा शब्द घ्या. युरोपीय पद्धतीची कवायत शिकलेले हे शिपाई. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला तो अशा गारद्यांच्या हातून. ‘ध चा मा’ ही त्या प्रसंगाशी जोडलेली आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. पहाऱ्याच्या भाषेच्या अभ्यासकाला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसावी. लेखी हुकूम आणि तो पाळणारा शस्त्रधारी यांच्यामध्ये एका अक्षराचेच अंतर असते, हे लोकांनी त्या कथेत पक्के ओळखले होते. या शब्दाची व्युत्पत्ती काही जण ‘पश्चिमेकडचा’ या अर्थाच्या अरबी ‘गर्बी’ शब्दाकडे नेतात, काही युरोपीय ‘गार्ड’कडे. ‘गारद’ म्हणजे पहाऱ्याची तुकडी, हे रूप मात्र ‘गार्ड’चेच आहे. ‘संघ शंभर धावांत गारद झाला’ यातील गारद वेगळा. तो नाश या अर्थाच्या अरबी ‘गारत’ वरून आला. म्हणजे आज मॉलच्या दारावर उभ्या असलेल्या ‘गार्ड’ला मराठी बोलणारे नवा शब्द समजतात, पण त्याचा थोरला भाऊ या भाषेत आधीच येऊन, राहून, वृद्ध झालेला होता.

‘रोंद’ या शब्दाचेही तसेच. रात्री फिरावयाची फेरी ती रोंद. पोर्तुगीज ‘रोंदा’ आणि इंग्रजी ‘राउंड’ यांच्या घराण्यातला हा शब्द जुन्या मराठीत फारसी ‘गस्त’च्या शेजारी वावरत होता. तो विस्मृतीत गेला आणि त्याच घराण्यातला ‘राउंड’ आज नव्याने आला: ‘दोनचा राउंड मारून आलो’. गस्त ‘घालावयाची’, राउंड ‘मारावयाचा’. क्रियापद बदलले, पावले तीच.

आता पहाऱ्यावरील हाकांकडे वळू. छावणीच्या दारावरील शिपाई अंधारातून येणाऱ्याला इंग्रजीत ‘हू कम्स देअर’ असे विचारी. देशी शिपायांच्या तोंडी त्याचे ‘हुकुमदार’ झाले. अनोळखी ध्वनींना ओळखीच्या शब्दाचा आकार देण्याची जी लोकव्युत्पत्तीची क्रिया, तिचा हा पाठ्यपुस्तकात घालावा असा नमुना आहे. मूळ प्रश्नात ‘कोण’ होते. रूपांतरात ‘हुकूम’ आला. असे होणे स्वाभाविकच म्हणावे लागेल, कारण विचारणाऱ्याला त्या शब्दांतून प्रश्नापेक्षा हुकमाचीच जाणीव होत असली पाहिजे.

दुसरी हाक ‘आलबेल’. ठरावीक वेळाने पहाऱ्यावरच्या शिपायाने ‘ऑल इज वेल’ असे ओरडावयाचे, पुढच्याने ते उचलावयाचे, आणि असे करीत ती हाक चौक्याचौक्यांवरून फिरून परत यावयाची. ‘वेल’चे ‘बेल’ झाले; मराठीस व-ब यांची ही अदलाबदल नवखी नाही. हा शब्द इतका मुरला की त्याचे इंग्रजीपण आज कोणाच्या ध्यानीमनी येत नाही. वृत्तपत्रांत तो बहुधा नकारार्थीच भेटतो: ‘पक्षात सारे आलबेल नाही’. या हाकेचे वैशिष्ट्य असे की ती एकाच वेळी तिघांना ऐकू जात असे. शेजारच्या चौकीवरील सोबत्याला, दबा धरून बसलेल्या चोराला आणि अंथरुणावर कूस बदलणाऱ्या रहिवाशाला. गुरख्याच्या काठीचा ठोकाही याच जातीचा होता. आजचा पहारेकरी आलबेल म्हणत नाही. तो तासातासाला भ्रमणध्वनीवर ‘ऑल ओके’ असा निरोप पाठवितो, पुष्कळदा सोबत स्वतःचे छायाचित्र जोडून. आशय तोच आहे. पण हा निरोप वाचणारा एकटा सुपरवायझर असतो. चोर आणि रहिवासी दोघेही त्यास वंचित.

येथवर आल्यावर आजच्या व्यवसायबोलीचा विचार सुकर होतो. पुण्यामुंबईच्या कोणत्याही कारखान्याच्या किंवा गृहसंस्थेच्या दारात थोडा वेळ थांबले तर कानी पडणारे शब्द असे: साइट, पॉइंट, ड्यूटी, रिलिव्हर, चार्ज, एन्ट्री, चेकिंग, हजेरी, खाडा. साइट म्हणजे ज्याचे रक्षण करावयाचे ती मिळकत, आणि पॉइंट म्हणजे तीतील उभे राहण्याची नेमकी जागा. ‘पॉइंट सोडणे’ हा या व्यवसायातील मोठा गुन्हा होय. झोप लागणे त्याच्या खालोखाल. ड्यूटी हे नाम ‘लागणे’ या क्रियापदाशी जोडले जाते: ‘माझी ड्यूटी मागच्या गेटला लागली’. मराठीत भूक लागते, ठेच लागते, नोकरीही लागते. ज्यात माणूस कर्ता नसून भोक्ता असतो अशा ठिकाणी हे क्रियापद येते. उलटपक्षी ‘पहारा देणे’ या प्रयोगात पहारेकरी दाता आहे. ‘पहारा बसविणे’ असाही प्रयोग जुना आहे, तेव्हा यावरून सरसकट निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. परंतु चालू बोलीत ‘देणे’ मागे पडून ‘लागणे’ पुढे आले आहे, एवढे निश्चित.

‘रिलिव्हर’ हा शब्द ज्या जागी आला त्या जागी मुंबईत पूर्वी गिरण्यांतील ‘बदली’ हा शब्द होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावातील अनेक कामगारांनी वॉचमनची नोकरी पत्करली, हे सर्वश्रुत आहे. त्यांनी ‘पाळी’ व ‘खाडा’ हे कामगारवस्तीतले शब्द नव्या नोकरीत चालू ठेवले. ‘बदली’ मात्र टिकली नाही. ‘चार्ज घेणे’ या प्रयोगाबद्दल एक गंमत नोंदविण्याजोगी आहे. पाळी संपताना किल्ल्या, वही, विजेरी पुढच्याच्या हवाली करणे म्हणजे चार्ज देणे. शिवकालीन गडाचा मुख्य अधिकारी ‘हवालदार’. अरबी ‘हवाला’ आणि फारसी ‘दार’ मिळून झालेल्या या शब्दाचा अर्थ, ज्याच्या हवाली काही सोपविले आहे तो. म्हणजे चार्ज घेणारा आजचा पहारेकरी व्युत्पत्तीच्या न्यायाने हवालदारच ठरतो. वेतनाच्या न्यायाने तसे म्हणता येणार नाही.

दारावर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे रूपांतर आम्हांस या सर्वांत महत्त्वाचे वाटते. ‘कोण आहे?’ हा सर्वांत जुना प्रश्न. त्याचे उत्तर येणाऱ्याने स्वतःबद्दल द्यावयाचे आणि पहारेकऱ्याने ते आवाजावरून, चेहऱ्यावरून पारखावयाचे. इमारतींच्या काळात प्रश्न झाला ‘कोणाकडे जायचंय?’ येथे येणाऱ्याची ओळख यजमानाच्या नावाने ठरते. पुढे प्रश्नाची जागा आज्ञेने घेतली: ‘एन्ट्री करा’. नाव, वेळ, गाडीचा क्रमांक वहीत लिहिला की काम झाले. लिहिलेले नाव खरे की खोटे हे पाहण्याचे साधन पहारेकऱ्याजवळ नाही. २००८ च्या नोव्हेंबरातील मुंबईवरील हल्ल्यानंतर मोठ्या हॉटेलांच्या व दुकानांच्या दारांवर झडती आली, पण ‘झडती’ या शब्दात आरोपाचा वास असल्यामुळे तेथे ‘चेकिंग’ हा सौम्य शब्द स्थिरावला. आणि अलीकडे कित्येक गृहसंस्थांत पहारेकरी एवढेच म्हणतो: ‘ओटीपी सांगा’. आकडा जुळला तर माणूस आत, न जुळला तर बाहेर. ‘ओळख’ आणि ‘पारख’ हे पहाऱ्याचे दोन गाभ्याचे शब्द या शेवटच्या व्यवहारात कोठेच लागत नाहीत. वीस वर्षे एकाच दारावर बसून सर्वांची मुलेबाळे, पाहुणे, दूधवाले ओळखणारा माणूस आणि काल रुजू झालेला माणूस हे त्यामुळे समान किमतीचे होतात, आणि बदलण्यासही तितकेच सोपे.

कायद्याने या माणसाला ‘सुरक्षा रक्षक’ असे नाव दिले. महाराष्ट्राने १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांसाठी अधिनियम केला. माथाडी कामगारांच्या १९६९ च्या कायद्याच्या धर्तीवर त्यात मंडळांची योजना होती. खासगी सुरक्षा संस्थांचे नियमन करणारा केंद्रीय कायदा २००५ चा. ‘सुरक्षा रक्षक’ या समासात ‘रक्ष्’ हा एकच धातू दोनदा आला आहे, हे वैयाकरणांस खटकेल. लोकांनी तो स्वीकारला नाही त्याचे कारण मात्र व्याकरण नव्हे, लांबी. त्यांनी ‘सिक्युरिटी’ घेतले, आणि भाववाचक नाम व्यक्तिवाचक करून टाकले. लिंगाचा घोळ त्यातून झाला: ‘सिक्युरिटी वाढवली’ येथे शब्द स्त्रीलिंगी, तर ‘सिक्युरिटी आला’ येथे पुल्लिंगी. स्त्री असेल तर ‘लेडीज सिक्युरिटी’. ‘पहारेकरीण’ हे घडविता येण्याजोगे रूप कोणी वापरीत नाही. केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांत या रक्षकासाठी १०० तासांचे वर्गातील व ६० तासांचे प्रत्यक्ष जागेवरील प्रशिक्षण सांगितले होते आणि ओळखपत्रांवर येणारी इंग्रजी अक्षरे व अंक त्याला वाचता यावेत अशी अपेक्षा व्यक्त केली होती. ज्या गावाच्या किंवा शहराच्या दारावर तो उभा राहणार तेथील भाषेबद्दल अशी अपेक्षा आम्हांस आढळली नाही. प्रत्यक्षात पाळीवरचे एकमेकांशी बोलणे मुंबईत बहुधा हिंदीत चालते, लहान शहरांत मराठीत, आणि वहीतील लिखाण या दोन्हींच्या मिश्रणात देवनागरीत.

चोरी झाल्यावर आजचा शब्द ‘फुटेज’ हा आहे. तो इंग्रजीतील पावलाच्या नावावरूनच बनलेला असावा हा योगायोग. त्याचा मागाशी संबंध नाही. फुटेज संस्थेच्या कचेरीत पाहिले जाते, आणि ते पाहण्यास पहारेकऱ्याला बोलावतात ते बहुधा त्यात तो स्वतः काय करीत होता हे विचारण्यासाठी. जाब त्याच्याकडे आहे. माग त्याच्याकडे राहिलेला नाही.

विद्यार्थ्यांपैकी कोणास हे शब्द संग्रहित करावयाचे असल्यास एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. प्रश्नावली घेऊन गेल्यास पहारेकरी साहेबांशी बोलावयाची भाषा बोलतो. तिचा उपयोग थोडा. पाळी बदलते त्या वेळी, बहुतेक ठिकाणी सकाळी व संध्याकाळी आठच्या सुमारास, जुना आणि नवा असे दोघे पहारेकरी दाराशी उभे राहून एकमेकांना काय सांगतात ते ऐकावे. कोणत्या गाडीची काच उघडी राहिली, कोणत्या मजल्यावर आजारी माणूस आहे, कोणता कुत्रा नवीन आला, कोणते साहेब रागात आहेत, हे सारे तेथे निघते. वहीत त्यातले काहीच उतरत नाही. हे बोलणे पाच-सात मिनिटांत संपते, म्हणून थोडे आधी जाऊन थांबावे.